पीयूसीनंतर पोलीस, कोर्ट की फॉरेन्सिक? बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी वाटा

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो: पोलीस, वकील, न्यायाधीश किंवा फॉरेन्सिक यांपैकी काही व्हायचं तर कॉलेजात काय घ्यायचं? अमेरिकेतल्या कॉलेजांत क्रिमिनल जस्टिस ही सरळ एक पदवीच असते, तीच पदवी इथे शोधण्यात अनेकांचं एखादं वर्ष जातं. आपल्याकडे हे काम वेगवेगळ्या खात्यांत वाटलेलं आहे. तपास पोलिसांचा, पुराव्याची तपासणी प्रयोगशाळेची, खटला चालवणं अभियोग खात्याचं, निकाल न्यायालयाचा आणि शिक्षेची अंमलबजावणी तुरुंग खात्याची. प्रत्येकाची पात्रता वेगळी, वयाची अट वेगळी आणि परीक्षा घेणारी संस्थाही वेगळी. म्हणून आधी पद ठरवा, मग पदवी.

जाहिरातीपासून सुरुवात करा

कॉलेजाचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तुम्हाला हव्या असलेल्या पदांच्या मागच्या भरतीच्या मूळ जाहिराती मिळवा. कर्नाटक राज्य पोलीस, कर्नाटक लोकसेवा आयोग, कर्नाटक उच्च न्यायालय, महाराष्ट्र लोकसेवा आयोग आणि स्टाफ सिलेक्शन कमिशन यांच्या संकेतस्थळांवर त्या सापडतात. प्रत्येक जाहिरातीतून पाचच गोष्टी वहीत उतरवा: शैक्षणिक पात्रता, वय कोणत्या तारखेला मोजणार ती तारीख, अनुभवाची अट, भाषेचा पेपर आणि शारीरिक मोजमाप. क्लासच्या पत्रकावर किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशावर जाऊ नका. तिथे बऱ्याचदा मागच्या वर्षाचे आकडे असतात आणि वयाच्या अटीत एका दिवसानेही माणूस बाद होतो.

ही वही भरली की बरंच काही आपोआप उलगडतं. फौजदारासाठी, म्हणजे पीएसआयसाठी, कोणतीही पदवी चालते. त्यासाठी क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, हवंच असं नाही. उलट प्रयोगशाळेतल्या पदांना ठरावीक विज्ञान विषय लागतात आणि तिथे क्रिमिनॉलॉजीच्या बीएचा काही उपयोग होत नाही. न्यायाधीश आणि सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, या दोन्हींसाठी कायद्याच्या पदवीला पर्याय नाही.

कोणती पदवी, कुठे

आमचा स्पष्ट कल कायद्याकडे आहे. एलएलबी असलेला माणूस वकिली करू शकतो, अभियोक्ता होऊ शकतो, न्यायाधीशाची परीक्षा देऊ शकतो, आणि पदवीधर म्हणून पीएसआयलाही बसू शकतो. एका पदवीवर इतकी दारं दुसरीकडे उघडत नाहीत. पीयूसीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन रस्ते आहेत. दोन्हींसाठी आधीच्या परीक्षेत खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर बीए किंवा बीकॉम करून मग तीन वर्षांची एलएलबी बरी. मध्येच नोकरी लागली तरी हातात एक पदवी असते. पाच वर्षांचा कोर्स तिसऱ्या वर्षी सोडला तर हाती फार काही उरत नाही.

बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून आहे आणि केएलईचं बी. व्ही. बेल्लद लॉ कॉलेजही आहे. दोन्ही हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न आहेत. पलीकडे कोल्हापूरला शहाजी लॉ कॉलेज आहे, तिथे महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते. कुठेही गेलात तरी हजेरीचं भान ठेवा. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. दिवसभर दुकान किंवा कारखाना सांभाळून परीक्षेपुरतं कॉलेजात जाऊ, असा बेत करणाऱ्यांचं सेमिस्टर इथेच अडकतं. आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन एलएलबी घेऊ नका, बार कौन्सिल ती मानत नाही. असल्या कागदावर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही.

क्रिमिनॉलॉजीसाठी सगळ्यात जवळचं ठिकाण धारवाड. बेळगावहून सुमारे ८० किलोमीटर. कर्नाटक विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा जुना विभाग आहे. तिथलं एमए तुरुंग, प्रोबेशन (गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवणं), बालसंरक्षण, संशोधन आणि अध्यापन या बाजूंना उपयोगी पडतं. यूजीसी नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे प्राध्यापकीचा मार्गही मोकळा होतो. समाजकार्याच्या अंगाने जायचं असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत क्रिमिनॉलॉजी आणि न्याय या विषयाचं एमए आहे, प्रवेशाची चुरस मात्र मोठी असते. इग्नूची क्रिमिनल जस्टिसची पदव्युत्तर पदविका आधीच नोकरीत असलेल्यांना ज्ञान वाढवायला ठीक आहे, तिच्या जोरावर पहिली नोकरी मिळेल अशी आशा धरू नका. 'डिटेक्टिव्ह', 'क्राइम इन्व्हेस्टिगेटर' अशा झगमगीत नावांचे खासगी सहा महिन्यांचे कोर्स आणखी वाईट. कोणत्याही सरकारी जाहिरातीत त्यांचं नाव सापडत नाही.

फॉरेन्सिकला पीयूसीला विज्ञान शाखा लागते, इथे माफी नाही. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे आवार धारवाडला आणि गोव्यातही आहेत. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून होतो आणि कोणता अभ्यासक्रम कोणत्या आवारात आहे ते दरवर्षी तपासावं लागतं. एक इशारा मनापासून देतो: प्रयोगशाळेतली बरीच पदं रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र अशा विभागवार भरतात. रसायन विभागाच्या जागेला रसायनशास्त्राची एमएससी मागितली असेल तर फॉरेन्सिकची पदवी असूनही अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून बीएससीला रसायन ठेवा आणि एमएससी फॉरेन्सिक किंवा रसायन यांतून निवडताना जाहिरातींची वही समोर उघडून बसा. बेळगावात प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, आणि कर्नाटक पोलिसांनी घटनास्थळावर पुरावा गोळा करण्यासाठी सीन ऑफ क्राइम ऑफिसर, बोलीत 'सोको', अशी वेगळी पदं निर्माण केली आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं ठरवलं आहे आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. या क्षेत्राला पुढे माणसं लागणार ती त्यामुळे.

कन्नड वाचता-लिहिता येणं

सीमाभागातल्या मराठी मुलांना सगळ्यात जास्त कशाने अडवलं असेल तर ते गुणांनी नाही, कन्नड लिपीने. बाजारात कन्नड बोलणारी मुलं खूप आहेत, पण ठाण्यातला जबाब, पंचनामा, दोषारोपपत्र हे सगळं लिहिलेलं असतं. तालुका कोर्टात साक्ष कन्नडात नोंदवली जाते. कर्नाटकच्या सिव्हिल जज परीक्षेत कन्नडातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून कन्नडात भाषांतराचा वेगळा पेपर असतो. पीएसआयच्या पहिल्या पेपरात निबंध, सारांश आणि भाषांतर असतं. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या पदांना कन्नडाचा पात्रता पेपर असतो, त्यात नापास झालात तर बाकीचे गुण कितीही असोत, उपयोग शून्य.

म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी कन्नडाला बसा. चांगली गोष्ट अशी की सरावाचं साहित्य फुकट आहे आणि ते नेमकं कामाचंच आहे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या ठाण्याचा कन्नड एफआयआर उतरवून घ्या आणि रकान्यांच्या क्रमाने वाचा.

पहिल्या रकान्यात जिल्हा, ठाणे, वर्ष, गुन्हा क्रमांक. दुसऱ्यात कायदा आणि कलमं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: घटना कधी घडली, ठाण्यात खबर कधी पोचली आणि ठाणे दैनंदिनीतली नोंद कितवी. या दोन वेळांमधलं अंतर बघायची सवय लावा. पुढच्या रकान्यांत घटनास्थळ ठाण्यापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला. फिर्यादी, आरोपी आणि उशिराचं कारण यांच्याही वेगळ्या जागा असतात. तिसऱ्या रकान्यात दोन दिवसांचं अंतर दिसतंय आणि उशिराच्या कारणाची जागा रिकामी आहे, तर बचाव पक्षाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. त्यानंतर मजकूर, म्हणजे फिर्यादीने काय सांगितलं ते. शेवटच्यात न्यायालयाकडे पाठवल्याची तारीख आणि वेळ. तिथला उशीरही उलटतपासणीत निघतो. आठवड्याला असे दोन एफआयआर मन लावून वाचलेत तर वर्षअखेरीस कन्नड ओळखीची होते आणि फौजदारी कायदाही अंगवळणी पडतो. पुढचं पाऊल म्हणून मजकुराच्या रकान्याचं इंग्रजीत भाषांतर लिहा आणि कन्नड येणाऱ्या शिक्षकाकडून किंवा वकिलाकडून तपासून घ्या. भाषांतराच्या पेपराची तयारी यापेक्षा सरस दुसरी नाही.

मराठी मात्र सोडू नका. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातून आलेला फिर्यादी, कोगनोळी नाक्यावरची गाडी, चोर्ला घाटातून येणारी गोव्याची दारू, अशा प्रकरणांत मराठी बोलणारा अंमलदार किंवा वकील ठाण्याला आणि पक्षकाराला लगेच हवा असतो. दोन्ही भाषा लिहिता येणाऱ्या माणसाला या पट्ट्यात किंमत आहे.

नव्या कलमांचं भान

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे लागू झाले: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. जुन्या पुस्तकांचे ढीग स्वस्तात मिळतात म्हणून त्यावर परीक्षा देऊ नका. खून आता कलम १०३, फसवणूक ३१८, चोरी ३०३, पतीकडून क्रूरता ८५. एफआयआरची तरतूद १७३ मध्ये आणि दोषारोपपत्राची १९३ मध्ये. पण जुनी कलमं पुसूनही टाकू नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते आणि कोर्टात असे खटले अजून कित्येक वर्षं चालणार आहेत. जुनं आणि नवं कलम शेजारी शेजारी लिहिलेला स्वतःच्या हातचा तक्ता करा. छापील तक्ता विकत घेतला तर पाठ होत नाही.

डिजिटल पुराव्याकडे विशेष लक्ष द्या, कारण नवीन माणसं सगळ्यात जास्त चुकतात तिथे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावं लागतं. जप्त केलेला मोबाइल पंचांसमोर बंद करून किंवा फ्लाइट मोडवर टाकून सीलबंद करायचा, आयएमईआय क्रमांक पंचनाम्यात उतरवायचा, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता याची साखळी कागदावर अखंड ठेवायची. त्यातल्या मजकुराची प्रत कोर्टात द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात दोन भाग असतात, आणि हॅश मूल्य, म्हणजे फाइलची डिजिटल बोटखूण, नमूद करावं लागतं. प्रमाणपत्र नाही म्हणून उत्तम पुरावा बाजूला पडलेले खटले आहेत. पुढे तुम्ही पोलीस झालात, अभियोक्ता झालात की प्रयोगशाळेत बसलात, हा एक कागद तुमच्यासमोर येणारच.

पोलीस भरती: दोन राज्यं, दोन तऱ्हा

कर्नाटकात सिव्हिल कॉन्स्टेबलसाठी पीयूसी लागते. सशस्त्र राखीव दलाला एसएसएलसी, म्हणजे दहावी, पुरते. पुरुषांची उंची १६८ सेंटीमीटर, छाती पूर्ण फुगवून ८६ आणि फुगवटा किमान पाच सेंटीमीटर, महिलांची उंची १५७. मैदानात पुरुषांना १६०० मीटर साडेसहा मिनिटांत, ७.२६ किलोचा गोळा ५.६० मीटर, आणि लांब उडी ३.८० किंवा उंच उडी १.२० मीटर. महिलांना ४०० मीटर दोन मिनिटांत. हे सगळं फक्त पात्रतेपुरतं, गुण लेखी परीक्षेचे. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो.

महाराष्ट्रात पोलीस शिपायासाठी बारावी, पुरुषांची उंची १६५ आणि महिलांची १५५. तिथे मैदानाचे ५० आणि लेखीचे १०० गुण मिळून यादी लागते, आणि लेखी परीक्षा मराठीत असते. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पोचावं लागतं, गोळ्याचे पूर्ण १५ हवेत तर ८.५० मीटर. म्हणून आम्ही सांगतो की सराव महाराष्ट्राच्या मापाने करा, कर्नाटकाची धाव आणि गोळा त्यात आपोआप बसतात, उडीचा सराव मात्र वेगळा करा. आणि उंची १६६ भरत असेल तर कर्नाटकाच्या रांगेत वर्षं घालवू नका, दुसरीकडची तयारी आजच धरा.

महाराष्ट्रात अर्ज करता येतो का, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांत १५ वर्षं वास्तव्य असलेल्या मराठी भाषिक उमेदवारांना १० जुलै २००८ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राच्या शासकीय पदांसाठी अर्ज करता येतो. यादीत आपलं गाव आहे का ते पाहा आणि वास्तव्याचा दाखला जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच काढा. वेगळ्या नमुन्यातला दाखला कागदपत्र तपासणीला चालत नाही. तुमचा कर्नाटकातला ३बी प्रवर्गाचा दाखला तिथे कामाचा नाही, हे आधीच धरून चाला.

केंद्रीय दलांकडे दुर्लक्ष होतं, ते होऊ नये. स्टाफ सिलेक्शन कमिशनची जीडी कॉन्स्टेबल परीक्षा २०२४ पासून मराठी आणि कन्नड धरून १३ प्रादेशिक भाषांतही होते. सर्वसाधारण पुरुषांना १७० सेंटीमीटर उंची लागते, पण मराठा उमेदवारांना ती १६५ पर्यंत शिथिल आहे. त्यासाठीचा दाखला विहित नमुन्यात आधी काढून ठेवावा लागतो. पदवीनंतर याच कमिशनच्या परीक्षांतून केंद्रीय दलांतले आणि सीबीआयतले उपनिरीक्षक भरले जातात. आयपीएससाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, तिथला भारतीय भाषेचा सक्तीचा पेपर मराठीत देता येतो, उत्तरंही मराठीतून लिहिता येतात.

वकिली, अभियोक्ता, न्यायाधीश

एलएलबी झाल्यावर कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणलं, त्यापेक्षा जास्त कोणी मागितलं तर पावती मागा आणि निकाल दाखवा. नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा: १०० प्रश्न, खुल्या व इतर मागास गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के.

न्यायाधीश व्हायची इच्छा असणाऱ्यांनी २० मे २०२५ चा निकाल लक्षात घ्यावा. सिव्हिल जज, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आणली आणि ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची आहेत. म्हणून निकाल हाती आला की नोंदणीला उशीर करू नका. 'आधी अभ्यास करू, नोंदणी नंतर' म्हणणाऱ्यांची वर्षं फुकट जातात. सहायक सरकारी अभियोक्त्यालाही फौजदारी कोर्टातल्या वकिलीचा अनुभव लागतो. हा अनुभव कागदावर दिसला पाहिजे. वकालतनाम्यावर तुमचं नाव, रोजनाम्यात तुमची हजेरी. सीनियरच्या मागे नुसतं उभं राहून तीन वर्षं काढली तर दाखला मागताना अडचण होते.

पहिली वर्षं पैशाला कडकीची असतात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. त्या काळात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विद्यार्थी असतानाच पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून प्रशिक्षण घेता येतं. वकील झाल्यावर २०२२ पासून सुरू असलेल्या कायदेशीर मदत बचाव वकील योजनेत सहायकाची पदं शून्य ते तीन वर्षं अनुभवाच्या वकिलांसाठी असतात. मानधन आणि फौजदारी खटल्यांचा अनुभव दोन्ही मिळतात. हिंडलगा कारागृहात वकील न परवडणारे कच्चे कैदी असतात, त्यांची प्रकरणं याच वाटेने येतात. धारवाडला उच्च न्यायालयाचं खंडपीठ असल्यामुळे अपिलं बघायला बेंगळुरूला जावं लागत नाही. सुट्टीच्या आठवड्यात तिथे खुल्या कोर्टात मागे बसून ऐका, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मोबाइल बंद ठेवा आणि वही उघडी.

तुरुंग, प्रोबेशन, मुलं

या बाजूला गर्दी कमी आणि काम मोलाचं. तुरुंग खात्यात वॉर्डर आणि जेलर, प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा १९५८ खालचे प्रोबेशन अधिकारी, बाल न्याय कायदा २०१५ खालच्या जिल्हा बालसंरक्षण कक्षात कायदेविषयक प्रोबेशन अधिकारी आणि समुपदेशक. बालसंरक्षण कक्षातली बरीच पदं कंत्राटी असतात, हे माहीत असून जा. क्रिमिनॉलॉजी, समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी इथे खरी उपयोगी पडते.

कागदपत्रं आता सरळ करा

बेळगाव जिल्ह्यात नाव हा मोठा घोळ असतो. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर नंतर, जातीच्या दाखल्यात कन्नडातून इंग्रजीत आल्याने स्पेलिंग तिसरंच. एसएसएलसीची गुणपत्रिका मूळ धरा आणि आधार, जातीचा दाखला, बँक खातं सगळं तिच्यानुसार करून घ्या. भरतीची जाहिरात आल्यावर दाखल्यांसाठी नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) धावणं म्हणजे वरातीमागून घोडं. जन्मठिकाणाच्या रकान्यात २०१४ च्या १ नोव्हेंबरआधीच्या कागदांवर 'बेलगाम' आणि नंतरच्यांवर 'बेळगावी' दिसेल, त्याची काळजी नको, ते अधिकृत नामांतर आहे.

दोन आरक्षणं नीट समजून घ्या. कन्नड माध्यमाचं आरक्षण मराठी शाळेतून शिकलेल्यांना मिळत नाही. पण ग्रामीण उमेदवाराचं आरक्षण माध्यमाकडे बघत नाही. पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असेल, मग ती खानापूर तालुक्यातली मराठी शाळा का असेना, तर ते मागता येतं. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. अर्ज भरताना हा रकाना रिकामा सोडला तर नंतर दाखला देऊन उपयोग नाही.

अंगावर केस असेल तर

सीमाभागात हे स्पष्ट बोललं पाहिजे. १ नोव्हेंबरची निषेध फेरी, एखादं आंदोलन, गावातलं भांडण, यांत १८-१९ वर्षांच्या मुलांची नावं एफआयआरमध्ये जातात आणि मुलाला कधीकधी भरतीच्या चारित्र्य पडताळणीपर्यंत पत्ताच नसतो. म्हणून अर्ज करण्याआधी ठाण्याच्या एफआयआर यादीत आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधा. सापडलं तर वकिलाकडून एफआयआर, दोषारोपपत्र, निकाल असेल तर निकाल, या सगळ्यांच्या प्रमाणित प्रती काढून फाइल करा.

पडताळणी अर्जात 'तुमच्यावर कधी गुन्हा नोंद झाला आहे का' असा प्रश्न असतो. निर्दोष सुटलात किंवा केस मागे घेतली गेली तरी उत्तर 'हो' लिहा आणि सगळा तपशील द्या. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती लपवली तर निवड रद्द होऊ शकते, आणि खरं सांगितलं असेल तर गुन्हा किरकोळ आहे का हे पाहून नियोक्त्याने निर्णय घ्यायचा. खटला सुरू असेल तर तारखा चुकवू नका. वॉरंट निघालं तर साधं प्रकरणही फाइलमध्ये जड दिसतं. समजुतीने मिटण्याजोगं भांडण असेल तर वकिलाला विचारून लोक अदालतीत ठेवा, आणि मिटल्याचा आदेश हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.